इसार दिल्यानंतर



मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण चर्चच्या पायरीवर घुटमळत राहिला. सगळे घरी गेले तरी तो जाईना, तेव्हा मीच त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याचे बोलणे पापनिवेदनातले नव्हते, अंगणातले होते, आणि त्याच्या परवानगीनेच मी ते इथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत.

तो एमआयडीसीत नोकरीला आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, घरात लहान बाळ आहे, आणि आजवर भाड्याच्या खोलीत राहिला आहे. आता त्याने एक जुने पण चांगले घर पाहिले होते. विकणारे वयस्क जोडपे. त्यांना पुण्यात मुलीजवळ जायचे होते.

तो म्हणाला, "फादर, सौदा सव्वीस लाखांत ठरलाय. दोन लाख इसार दिला. शुक्रवारी खरेदीखत आहे. मेहुणा म्हणतो, गुरुवारी रात्री फोन कर आणि सांग, चोवीसच्या वर जमत नाही. काकांनी पुण्यात फ्लॅट धरलाय, तिथं त्यांनीही इसार देऊन ठेवलाय. ते आता माघार घेऊच शकत नाहीत. दोन लाख म्हणजे माझा पाच महिन्यांचा पगार आहे, फादर. हे चुकीचं आहे का?"

मी त्याला म्हणालो, "उद्या ये." तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला इतक्या साध्या प्रश्नासाठी एक रात्र का लागावी, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडू. घासाघीस करण्यात पाप नाही. विकणाऱ्याने तीस सांगावे, घेणाऱ्याने बावीस म्हणावे, चहा व्हावा, मध्यस्थाने दोघांना बाजूला घेऊन समजवावे आणि सव्वीसवर हात मिळावा, ही आपली रीतच आहे. बैलबाजारात तर उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. तोपर्यंत दोघेही मोकळे असतात. विकणाऱ्याच्या दारात दुसरे गिऱ्हाईक असते आणि घेणाऱ्याच्या नजरेत दुसरे घर असते. आवडले नाही तर उठून जावे, कोणी कोणाचे देणे लागत नाही.

इसार हातात पडला की हे चित्र पालटते. विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाला "आता ठरलंय" म्हणून परत पाठवतो. सामान बांधायला लागतो. पुढच्या घराचा इसार देतो. हे सगळे तो तुमच्या शब्दावर करतो. दोन महिन्यांपूर्वी त्याला "नाही" म्हणता येत होते. आज ते म्हणता येत नाही, आणि ते म्हणता येत नाही याचे कारण त्याने तुमच्यावर ठेवलेला विश्वास हेच आहे. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. ऐनवेळी दोन लाख कमी करणारा माणूस विकणाऱ्याच्या अडचणीचा फायदा घेतो एवढेच नाही. ती अडचण त्याच्याच शब्दाने तयार झालेली असते.

आपण ऊस पिकवणारी माणसे आहोत, तेव्हा आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ऊस उभा आहे तोवर शेतकरी कोणत्या कारखान्याला घालायचा याचा विचार करू शकतो. एकदा तुटला की तो तासातासाला वाळतो, वजन घटते, आणि तो परत शेतात उभा करता येत नाही. म्हणूनच तुटलेल्या उसाच्या पैशासाठी कायदा लागतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. ऊस गाळून झाल्यावर "आता एवढ्यात भागवा" असे कोणी म्हटले तर आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरावेच. मग ज्याने आपल्या शब्दावर घरचे बिऱ्हाड आवरले, त्याचा ऊस तुटलेला नाही का?

दुसरी गोष्ट आणखी बोचरी आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार आपल्या भागात येतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल घेऊन एखादा कोयता आला नाही, तर आपण काय म्हणतो? "बुडवलं. या लोकांच्या शब्दाला किंमत नाही." त्या माणसाच्या घरी कोण आजारी होते, हे आपण विचारीत नाही. आणि इसार देऊन ऐनवेळी भाव पाडणाऱ्या पगारदाराला आपण काय म्हणतो? "व्यवहाराला पक्का आहे." दोघांनीही आगाऊ पैशावर शब्द दिला होता. गरिबाने मोडला तर लबाडी आणि कमावत्याने मोडला तर हुशारी, असा न्याय आपण कुठून आणला?

आता त्या मेहुण्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो मूर्ख नाही, दुष्टही नाही.

त्याचे पहिले म्हणणे असे, की कायद्याने खरेदीखत होईपर्यंत काहीच पक्के नसते. हे अर्धे खरे आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणी झालेले खरेदीखत लागते. पण मालकी न मिळणे वेगळे आणि करार नसणे वेगळे. विसारपावतीत मिळकत, किंमत आणि मुदत स्पष्ट असेल तर तो करार असतो, आणि तो पाळायला लावावा म्हणून कोर्टात जाता येते. २०१८ साली विशिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती होऊन ही बाजू अधिक बळकट झाली. अडचण कायद्यात नाही, वेळेत आहे. ज्याला पुढच्या महिन्यात पुण्याच्या फ्लॅटचे पैसे भरायचे आहेत, तो दाव्याच्या तारखा मोजत बसू शकत नाही. मेहुण्याला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तर तो गुरुवारची रात्र निवडतो.

ही युक्ती काही आपल्या तालुक्यातच निघालेली नाही. इंग्लंडमध्ये घराचा भाव तोंडी मान्य झाला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधलेला नसतो. त्यामुळे अगदी शेवटच्या दिवशी भाव पाडण्याचा प्रकार तिथे इतका चालतो, की त्याला 'गझंडरिंग' असे खास नावच पडले आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रांनी सौदा आधीच बांधला जातो, म्हणून तिथे याला वाव कमी. चांगला कायदा मोह कमी करतो, हे खरे. पण जिथे कायद्याचा हात वेळेवर पोहोचत नाही, तिथे माणूस कसा वागतो यावरच त्याची ओळख होते.

मेहुण्याचे दुसरे म्हणणे असे, की "काकांनी शेवटी हो म्हटलं तर त्यात जबरदस्ती कुठे?" अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्यात उगीच पडलेली नाही. अडलेल्या माणसाचे "हो" हे संमतीसारखे दिसते, पण ते त्याच्या मनाचे नसते. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीवर लिहिताना एक साधा मुद्दा मांडला आहे. घेणाऱ्याला एखाद्या वस्तूची फार गरज असेल आणि ती विकल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत नसेल, तर केवळ त्या गरजेपायी त्याने जास्त किंमत लावू नये. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच नियम उलटा लावून पाहा. काकांची घाई ही काकांची आहे. ती त्या तरुणाच्या मालकीची नाही. मग तिचे दोन लाख त्याने कोणत्या हक्काने वसूल करायचे?

तिसरे म्हणणे मात्र खरोखर विचार करण्याजोगे आहे. परिस्थिती बदलली तर? थॉमस यांनीही ही सूट मान्य केली आहे. मनापासून दिलेला शब्द पुढे माणसांची वा गोष्टींची स्थिती बदलल्यामुळे पाळता आला नाही, तर त्याला दोष लागत नाही, असे ते म्हणतात. पण बदलले काय, हे प्रामाणिकपणे पाहावे लागते.

घराबद्दलची माहिती बदलली असेल, तर पुन्हा बोलणी करण्याचा पूर्ण हक्क आहे. उताऱ्यावर सोसायटीचा बोजा निघाला, एका बहिणीची वारस म्हणून सही राहिली आहे असे कळले, रंगाखाली लपवलेली गळती दिसली, तर सव्वीस लाखांचा शब्द ज्या घरासाठी दिला होता ते हे घरच नव्हे. सहज न दिसणारा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे कायदाही म्हणतो. ज्या दिवशी कळले त्याच दिवशी सांगावे, आणि दोष जेवढा तेवढेच कमी मागावे. तीस हजारांच्या गळतीवर दोन लाख उकळणे, किंवा दहाव्या दिवशी दिसलेली गळती साठाव्या दिवसासाठी राखून ठेवणे, ही पुन्हा तीच गुरुवारची रात्र झाली.

तुमची स्वतःची स्थिती बदलली असेल, म्हणजे नोकरी गेली किंवा बँकेने कर्ज कमी मंजूर केले, तर तेही खरे संकट आहे. तेव्हा लवकर जावे, खरे सांगावे आणि विनंती करावी. विनंती आणि धमकी यांत फरक असा, की विनंतीला समोरच्याला "नाही" म्हणता येते. "काका, मला एवढे जमत नाही. तुम्हाला दुसरे गिऱ्हाईक पाहायचे असेल तर पाहा, इसाराचे काय ते तुम्ही ठरवा," असे म्हणणारा माणूस शब्द मोडत असला तरी तोंड लपवीत नाही, आणि नुकसानीतला आपला वाटा उचलतो.

आणि केवळ बाजार बदलला असेल तर? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि ठरलेले कित्येक व्यवहार अडकून पडले. तेव्हा भाव पाडून मागण्याची पाळी घेणाऱ्यांची होती. बरोबर पाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, आपल्या बारामती-इंदापूरवरून जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद होणार म्हटले की रस्त्याकडेच्या जागा विकणाऱ्याला घेतलेला इसार जड वाटू लागतो, आणि "आता एवढ्यात परवडत नाही" असे म्हणण्याची पाळी त्याची येते. भाव आज ठरवून पैसे दोन महिन्यांनी द्यायचे, याचा अर्थच हा की मधल्या काळातले चढउतार ज्याने त्याने सोसायचे. भाव चढला असता तर तुम्ही आपणहून दोन लाख जास्त दिले असते का? नसते, तर उतरल्यावर कमी मागू नका.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. काकांचे दुसरे गिऱ्हाईक आजही दारात उभे असते, तर मी ही मागणी केली असती का? "हो" असेल तर उजळ माथ्याने जाऊन बोला. "नाही" असेल तर तुम्ही घराचा भाव करीत नाही, माणसाच्या अडलेपणाचा भाव करीत आहात.

पवित्र शास्त्रात जमीन-खरेदीच्या गोष्टी आहेत, त्यांतली यिर्मयाची मला सर्वात भिडते. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया राजाच्या पहाऱ्यात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे अनाथोथचे शेत विकायला आला. देश बुडत होता. अशा दिवसांत शेत कोण घेणार? घेणाऱ्याला भाव पाडायला याहून सोयीची वेळ असू शकत नाही. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खत लिहून त्यावर मोहोर केली आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगितले. बत्तिसाव्या अध्यायात हे सगळे एखाद्या नोंदणी कचेरीतल्यासारखे बारकाईने लिहिले आहे. त्यात घासाघिशीचा एक शब्द नाही. उद्याच्या दिवसावरचा त्याचा विश्वास त्या चोख व्यवहारातच दिसतो.

आता मला एक रात्र का लागली ते सांगतो.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, त्या वर्षी आमच्या घरच्यांनी गावात एक जागा घेतली. विकणारी एक विधवा बाई होती. मुलीच्या लग्नासाठी ती जागा विकत होती. भाव ठरला, इसार गेला, लग्नाची तारीख निघाली. आणि तारीख निघाल्यावर माझ्या थोरल्या भावाने पंधरा हजार कमी केले. बाई काही बोलली नाही. तिने अंगठा दिला. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा भावाने ही गोष्ट हसत सांगितली. मी त्याच महिन्यात कांटचा अभ्यास करीत होतो. न पाळण्याच्या हिशोबाने दिलेले वचन जर सर्वांचाच नियम झाले तर वचन या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही, हे १७८५ साली त्याने मांडलेले म्हणणे मी परीक्षेत छान लिहिले आणि मला चांगले गुण मिळाले. घरी मात्र मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. आई आणि भाऊ आजही त्या जागेवरच्या घरात राहतात. सुट्टीला गेलो की मीही तिथेच झोपतो.

त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी मी वरचा युक्तिवाद सांगितला आणि ही गोष्टही सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पैसे वाचतात, पण घरात राहतात." मी त्यावर काही बोललो नाही.

शुक्रवारी त्याने सव्वीस लाखांप्रमाणे उरलेले सगळे पैसे दिले. मेहुणा त्याच्याशी महिनाभर धड बोलला नाही. हप्ता जड जातो, हे तो आजही कबूल करतो. चांगले वागल्याने खिसा भरतो, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुष्कळदा तो रिकामाच होतो.

ज्यांच्या घरात असा एखादा इसार होऊन गेला आहे, त्यांनी काय करायचे? जे अन्यायाने ठेवून घेतले ते परत करणे ही ख्रिस्तसभेची जुनी आणि स्पष्ट शिकवण आहे. जक्कयाने तर ज्याचे लुबाडले त्याला चौपट द्यायची तयारी दाखवली. पश्चात्तापाची प्रार्थना सोपी असते. पत्ता शोधून काढणे अवघड असते. त्या तरुणाशी बोलल्यानंतर मी भावाला फोन केला. तो चिडला. "कायद्याने काय चुकलं होतं?" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. त्या बाई आता नाहीत. मुलगी कुठे दिली ते त्याला ठाऊक आहे. त्याने मला एवढेच विचारले, की तेव्हाच्या पंधरा हजारांचे आज किती होतात. मी म्हटले, "आपण दोघे बसून हिशोब करू, आणि अर्धे माझे." याजकाच्या खिशात फार नसते, पण पेढा मीही खाल्ला होता.

शेवटी थोडे व्यवहाराचे. घर किंवा जागा घेता-विकताना विसारपावतीवर पूर्ण किंमत लिहा. काही रक्कम कागदाबाहेर ठेवली की ती पुढे कोणी नाकारली तरी पुरावा नसतो, आणि ऐनवेळी भाव पाडणाऱ्याला तीच वाट सापडते. इसार देण्याआधी उतारे पाहा, वकिलाकडून शोध घ्या, घर पावसाळ्यात एकदा बघा. कर्ज मंजूर झाले नाही तर काय, आणि दोघांपैकी कोणी फिरले तर इसाराचे काय, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा. जमल्यास साठेखत करून त्याची नोंदणी करा. हे सारे एकमेकांवर अविश्वास दाखवण्यासाठी नाही. गुरुवारच्या रात्री आपल्या मनात काय येऊ शकते हे प्रत्येकाने स्वतःबद्दल ओळखून असावे, यासाठी आहे.

तुमच्यापैकी कोणाचा इसार सध्या कोणाकडे असेल, तर हे पत्रक घडी घालून खिशात ठेवण्याआधी त्या घरातल्या माणसांचे चेहरे एकदा आठवा. त्यांनी भांडी बांधायला घेतली असतील.

आपला,
धर्मगुरू